हस्तलिखितांच्या संगणकीय याद्या व त्यांची साध्या मजकुराची प्रत

(१) यादी ही संग्रहाची किल्ली होय. पोथी रुमालांत सुरक्षित असली, परंतु ती कोणत्या रुमालांत आहे हें सांगणारा अंक बिघडला, तर संशोधकाच्या दृष्टीनें ती पोथी हरवल्यासारखीच समजावी. ऑफ्रेक्ट या जर्मन पंडितानें संस्कृत हस्तलिखितांच्या याद्यांची महायादी १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत छापली. ती आज उघडण्यास डोळ्यांखेरीज दुसरें साधन लागत नाहीं. आजकालच्या याद्यांविषयीं असें म्हणण्याची सोय राहिलेली नाहीं. खाजगी संग्रहांच्या ज्या याद्या अलीकडे आमच्या हातीं येतात, त्यांतील बहुतेक कागदावर नसून संगणकावरील कोष्टकांत, म्हणजे ज्यास स्प्रेडशीट म्हणतात त्यांत, केलेल्या असतात. कोष्टक सोयीचें खरें. पण तें आपल्या पोटांत काय ठेवतें व आपणांस काय दाखवितें यांत अंतर असतें. हें अंतर ओळखून त्या कोष्टकाची साध्या मजकुराची प्रत कशी काढावी, आणि ती माउसनें न काढतां लेखी आज्ञेनें कां काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

(२) प्रथम आमचाच एक अनुभव नमूद करितों. एका घराण्याच्या संग्रहाची यादी २०२४ सालीं तीन पत्रकांत तयार झाली. संग्रहांत आठ रुमाल. प्रत्येक रुमालांतील पुडक्यांस अनुक्रमांक. तिसऱ्या रुमालांतील चौथें पुडकें ‘३/४’ असें लिहावयाचें, अशी पद्धत ठरली होती. लिहिणाऱ्यांनीं ती निष्ठेनें पाळली. परंतु यंत्रानें ‘३/४’ ही तारीख समजून तिचा आपल्या रीतीप्रमाणें आकडा केला. एक्सेलमध्यें १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढील प्रत्येक दिवसास एकेक वाढता अंक दिलेला असतो. दिवस आधीं लिहिण्याची रीत ज्या यंत्रांत लावलेली होती, तेथें ‘३/४’ म्हणजे ३ एप्रिल २०२४ होऊन पोटांत ४५३८५ हा आकडा बसला. महिना आधीं लिहिण्याची अमेरिकन रीत ज्यांत होती, तेथें त्याच ‘३/४’ चा ४ मार्च होऊन ४५३५५ बसला. उलट पाहतां, ‘३ एप्रिल’ हें मूळचें ‘३/४’ कीं ‘४/३’, हें त्या एका घरावरून सांगतां येईना.

पाठभेदाचा निर्णय जसा प्रतींच्या अंतर्गत पुराव्यावरून करावा लागतो, तसाच येथें करावा लागला. पहिल्या पत्रकांतील तारखांत दिवसाचा अंक आठाच्या पुढें कोठेंच जात नव्हता, पण महिने डिसेंबरपर्यंत पोंचले होते. रुमाल आठच असल्यामुळें दिवस म्हणजे रुमाल व महिना म्हणजे पुडकें, हें उघड झालें. ३ नोव्हेंबर, म्हणजे ४५५९९, हा तिसऱ्या रुमालाचें अकरावें पुडकें ठरला. दुसऱ्या पत्रकांत याच्या उलट स्थिति होती. महिना ऑगस्टच्या पुढें जात नव्हता, आणि १५ मार्च, म्हणजे ४५३६६, यांसारख्या तारखा होत्या. पंधरावा रुमाल नाहींच. तेव्हां तें तिसऱ्या रुमालाचें पंधरावें पुडकें. तिसरें पत्रक लहान होतें व त्यांतील सर्व अंक आठाच्या आंतले होते. तेथें अनुमान चालेना. रुमाल प्रत्यक्ष सोडून आद्यवाक्यें ताडून पाहावीं लागलीं. दोन नोंदींत आद्यवाक्यच उतरून घेतलेलें नव्हतें, आणि ज्या दोन पुडक्यांविषयीं संशय, त्या दोहोंतही एकाच ग्रंथाच्या काळ न लिहिलेल्या प्रती निघाल्या. त्या दोन पोथ्यांची ओळख अद्याप पटलेली नाहीं. वाळवीनें किंवा पाण्यानें नव्हे, तर एका तिरप्या रेघेनें ही हानि केली.

(३) अशी हानि केवळ आमच्याच वांट्यास येते असें नाहीं. मानवी जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें २०२० सालीं कित्येक नांवें बदलली, त्याचें एक कारण हेंच कीं ‘मार्च १’ व ‘सेप्ट १’ अशा संक्षेपांच्या कोष्टकांत तारखा होऊन जात. त्याच वर्षीं इंग्लंडांत साथीच्या रुग्णांच्या सुमारें सोळा हजार नोंदी वेळेवर पुढें गेल्या नाहींत. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलींत ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहींत, आणि वरच्या ओळी मुकाट्यानें गळून पडल्या होत्या. नव्या पद्धतींत ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. शास्त्रज्ञांस आपल्या जनुकांचीं नांवें बदलतां आलीं. आम्हांस जुन्या दप्तरांवरील अंक बदलतां येत नाहींत.

(४) आतां या फाइलीच्या पोटांत काय असतें तें पाहूं. २००७ पासून एक्सेलमध्यें रूढ झालेली ‘एक्सएलएसएक्स’ फाइल ही वस्तुतः एक बांधलेलें गांठोडें आहे. झिप उघडण्याच्या साधनानें तें सोडलें असतां आंत अनेक लहान लेख निघतात. प्रत्येक पत्रकाचा एक लेख. सर्व शब्दांचा एक सामायिक कोश. आणि कोणता आकडा कसा दाखवावा हें सांगणारा आणखी एक लेख. पत्रकाच्या घरांत शब्द नसतो. कोशांतील कितवा शब्द तेथें घ्यावा याचा अंक असतो. त्याचप्रमाणें तारखेच्या घरांत तारीख नसते, दिवसांचा आकडा असतो. तो ‘३-एप्रिल’ असा दाखवावयाचा हें तिसऱ्याच ठिकाणीं लिहिलेलें असतें. वरील ४५३८५ आम्हांस दिसला तो असें गांठोडें सोडल्यावरच.

या आकड्यांतही एक जुनी चूक मुरलेली आहे. १९०० हें वर्ष लीप नव्हतें; तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा न झालेला दिवस मोजतें. ‘लोटस १-२-३’ या १९८३ च्या कोष्टकांत ही चूक होती, व तिच्याशीं मेळ राहावा म्हणून ती पुढें चालविली गेली. लोटसचें पाठबळ २०१४ सालीं बंद झालें. चूक मात्र राहिली. शिवाय मॅकिंटॉशवरील जुन्या फाइलींत गणना १९०४ पासून असे, आणि दोन गणनांत १४६२ दिवसांचें अंतर पडतें. शक, शुहूर, फसली व हिजरी यांचा मेळ घालण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांस ही आणखी एक कालगणना समजण्यास कठीण जाऊं नये.

(५) इतिहासाच्या कामास याहून मोठा धोका वेगळाच आहे. एक्सेलची गणना १९०० च्या मागें जातच नाहीं. म्हणून १८९८ मधील तारीख त्याच स्तंभांत शब्द म्हणून राहते व १९०५ मधील आकडा होते. एका स्तंभांत दोन जाती नांदतात आणि अनुक्रम लावतांना गोंधळ होतो. लिब्रेऑफिसचें कोष्टक मागें जातें, परंतु १५ ऑक्टोबर १५८२ पासून तें नवी, म्हणजे ग्रेगोरियन, गणना धरतें. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची आहे. ती जशीच्या तशी घालून वार विचारला तर यंत्र बुधवार सांगेल. वास्तविक तो दिवस शनिवार, कारण नव्या गणनेनें ती तारीख १६ जून होते. यावरून नियम असा कीं, मूळ कागदांतील काल हा मूळच्याच शब्दांत व शब्द म्हणूनच लिहावा. ‘ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६’ किंवा ‘सलास सबैन व अलफ’ हें एका स्तंभांत. त्यावरून काढलेली इसवी तारीख दुसऱ्या स्तंभांत. आणि ती जुन्या गणनेची कीं नव्या, हें तिसऱ्या स्तंभांत. शुहूर सन १०७३ म्हणजे इ. स. १६७२-७३ हें गणित आपण करावें. यंत्रास करूं देऊं नये.

(६) साध्या मजकुराची प्रत म्हणजे काय? ज्या फाइलींत अक्षरांखेरीज कांहीं नाहीं, एका नोंदीस एक ओळ, आणि घराघरांत स्वल्पविराम किंवा टॅब, ती. स्वल्पविरामाच्या पद्धतीस ‘सीएसव्ही’ म्हणतात. तिचे रूढ नियम २००५ सालीं लेखी नमूद झाले. ज्या घरांत मूळचाच स्वल्पविराम आहे तें घर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावयाचें, हा त्यांतील मुख्य नियम. अशी फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या लेखन-साधनांत उघडते. कोष्टकें करणारें आजचें साधन उद्यां बंद पडलें तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं.

ही प्रत काढण्याचीं साधनें अनेक आहेत. ग्न्यूमेरिक या कोष्टकाबरोबर येणारें ‘एसएस-कन्व्हर्ट’, पायथन भाषेंतील ‘एक्सएलएसएक्स-टू-सीएसव्ही’, आणि ‘सीएसव्ही-किट’ संचांतील ‘इन-टू-सीएसव्ही’ हीं त्यांपैकीं प्रसिद्ध होत. आम्ही लिब्रेऑफिस वापरतों, कारण तें विनामूल्य आहे व २००७ पूर्वींच्या जुन्या फाइलीही उघडतें. आज्ञा पुढीलप्रमाणें. प्रत्यक्ष टंकितांना ती रोमन लिपींत टंकावयाची. येथें उच्चारानें दिली आहे.

‘सॉफिस’ हें कार्यक्रमाचें नांव. त्यापुढें दोन आडव्या रेघा देऊन ‘हेडलेस’, म्हणजे खिडकी न उघडतां काम करावें. पुन्हां दोन रेघा देऊन ‘कन्व्हर्ट-टू’, आणि पुढें अवतरणांत ‘सीएसव्ही’, विसर्गासारखें अपूर्णविराम-चिन्ह, ‘टेक्स्ट - टीएक्सटी - सीएसव्ही (स्टारकॅल्क)’ हें गाळणीचें नांव, पुन्हां अपूर्णविराम, व त्यानंतर बारा अंगांची सूचना: ४४,३४,७६,१,,०,ट्रू,ट्रू,फॉल्स,फॉल्स,फॉल्स,-१. त्यानंतर दोन रेघा देऊन ‘आउटडिर’ व प्रती जेथें ठेवावयाच्या त्या कप्प्याचें नांव. शेवटीं मूळ फाइलीचें नांव. अथवा तारकाचिन्ह देऊन त्या कप्प्यांतील सर्व फाइली.

(७) बारा अंगांपैकीं सहा आमच्या कामाचीं आहेत. ४४ हा स्वल्पविरामाचा अंक. टॅब हवा असल्यास ९ लिहावा. ३४ हें दुहेरी अवतरण. ७६ म्हणजे यूटीएफ-८ ही युनिकोड अक्षरांची लेखनपद्धति. हें अंग चुकलें तर देवनागरीच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि ती प्रत मग कशानेंही सुधारत नाहीं. सातवें अंग ‘ट्रू’ ठेवल्यानें जें जें मूळांत शब्द म्हणून आहे तें तें अवतरणांत येतें, व आकडा किंवा तारीख उघडी राहते. आमच्या दृष्टीनें हें सर्वांत महत्त्वाचें अंग होय. रुमालाच्या स्तंभांत एखादा अंक अवतरणांवांचून दिसला, कीं तेथें यंत्राचा हात लागला असें समजावें. नववें अंग ‘फॉल्स’ ठेवल्यास पडद्यावर दिसणारें संक्षिप्त रूप न येतां घरांतील पूर्ण मूल्य येतें. ‘३-एप्रिल’ यामागें दडलेलें वर्षही हातीं लागतें, व तें बहुधा टंकनाचें वर्ष असल्यामुळें बिघाड तत्काळ ओळखूं येतो. बारावें अंग -१ म्हणजे सर्व पत्रकें, प्रत्येकाची वेगळी प्रत. तें न दिल्यास पहिल्या पत्रकाचीच प्रत निघते व बाकीचीं राहून जातात. ही सोय लिब्रेऑफिसच्या ७.२ या आवृत्तीपासून आहे. लिब्रेऑफिसची खिडकी आधींच उघडी असल्यास आज्ञा कधीं कधीं कांहींएक न करितां परत येते. म्हणून ती प्रथम बंद करावी.

माउसनें हेंच काम होतें, मग आज्ञा कशास, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, माउसनें शंभर फाइली केल्या तर शंभर वेळां निवड करावी लागते व कोठें काय निवडलें याची नोंद राहत नाहीं. आज्ञा शंभर फाइलींस एकच राहते. आणि ती लेखी असल्यामुळें प्रतीबरोबर ठेवतां येते. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, स्थळ व काळ लिहून ठेवतो, त्या पुष्पिकेचेंच हें रूप. कोणत्या मूळावरून, कोणत्या दिवशीं, कोणत्या रीतीनें प्रत केली, हें पुढील वाचकास कळलें पाहिजे.

(८) कांहीं गोष्टी साध्या प्रतींत उतरतच नाहींत. गहाळ पोथ्या तांबड्या रंगानें दाखविण्याची कित्येकांची रीत आहे. तो रंग जातो. घरास डकवलेल्या टिपाही जातात. अनेक ओळींची घरें एकत्र करून त्यांत एकदांच ‘रुमाल ५’ लिहिलेलें असल्यास तो शब्द पहिल्याच ओळीस मिळतो व खालच्या ओळी अनाथ होतात. मग अनुक्रम बदलतांच त्या कोणत्या रुमालाच्या हें कळत नाहीं. यास्तव प्रत काढण्यापूर्वीं, मूळाची नक्कल करून त्या नकलेंत, रंगाच्या जागीं ‘गहाळ’ हा शब्द व प्रत्येक ओळींत रुमालाचा अंक भरावा. युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेल्या जुन्या याद्यांचें दुखणें निराळें. त्यांत अक्षर रोमन व मुखवटा देवनागरीचा असतो. साध्या प्रतींत मुखवटा गळून अर्थहीन रोमन अक्षरें उरतात. तेथें त्या फाँटाचा रूपांतरक आधीं वापरावा लागतो.

युनिकोडांतही सावधगिरी हवी. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन रीतींनीं टंकितां येतो: एक ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरी साध्या ‘र’ ला हलंत व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्रास मात्र दोन वेगळे शब्द. तसेंच ‘१५९६’ देवनागरी अंकांत लिहिलें असेल तर रोमन अंकांनीं शोधून तें सांपडत नाहीं. संग्रहानें एक रीत ठरवून ती यादीच्या आरंभीं लिहून ठेवावी. मोडी अक्षरांस युनिकोडांत २०१४ सालीं स्थान मिळालें आहे. मोडी शीर्षकें मोडींतच उतरावयाचीं असल्यास यूटीएफ-८ ची प्रत तींही सांभाळते.

(९) प्रत झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. तिचा मूळाशीं मुकाबला झाला पाहिजे. ओळी मोजण्याची आज्ञा देऊन संख्या मूळ नोंदींशीं ताडावी. एखाद्या घरांत मूळांतच ओळ तोडलेली असल्यास संख्या अधिक भरते, त्याचें कारण शोधावें. रुमालाच्या स्तंभांत चार आंकडी ‘००४७’ चा ‘४७’ झाला आहे काय, आणि इंग्रजी ‘ई’ असलेला ‘१२ई३’ सारखा अंक ‘१२०००’ झाला आहे काय, हें पाहावें. पहिल्या, मधल्या व शेवटच्या कांहीं नोंदी प्रत्यक्ष पोथीशीं जुळवाव्या. नंतर ‘शा-२५६’ या पद्धतीनें प्रतीची चौसष्ट अक्षरांची मुद्रा काढून ती पुष्पिकेंत लिहावी. पुढें प्रतींत एक अक्षर जरी बदललें तरी मुद्रा जुळणार नाहीं. आणि अशी शुद्ध प्रत पुन्हां एक्सेलमध्यें दोनदां टिचकी मारून उघडूं व जतन करूं नये. तसें केल्यास ‘३/४’ ची तारीख पुनश्च होते. उघडणें अवश्यच असेल तर आयात करतांना सर्व स्तंभ ‘मजकूर’ म्हणून निवडावे.

(१०) मूळ कोष्टक मात्र टाकूं नये. प्रत कितीही शुद्ध असली तरी मूळ जपणें हा आपला जुना नियम, आणि आमच्या पहिल्या दोन पत्रकांचा उलगडा झाला तो मूळांतील बिघडलेल्या आकड्यांवरूनच. कोणीं तरी ‘सुधारणा’ म्हणून ते पुसले असते, तर तेवढाही पुरावा उरला नसता. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, यादी करतांना रुमाल व पुडकें यांचे स्तंभ वेगळे करावे व लिहिण्यापूर्वींच ते ‘मजकूर’ म्हणून ठरवावे. प्रत्येक नोंदींत आद्यवाक्य अवश्य उतरावें. आणि यादी पाठवितांना मूळ कोष्टक, साधी प्रत व पुष्पिका हीं तिन्ही एकत्र पाठवावीं. आमच्या दोन अनोळखी पोथ्यांच्या नोंदींत एकेक आद्यवाक्य असतें तर त्या आज आपल्या जागीं असत्या.